कच्चा टाका

"थांबली! नाडी थांबली!"

औषधाच्या दुकानात चाळीस वर्षं काढलेला म्हातारा बाबांचं डावं मनगट धरून ओरडला आणि हॉलमधल्या सत्तर-ऐंशी लोकांनी एकदम श्वास रोखला. साथीमुळे शाळा वर्षभर बंद होती, म्हणून तिचा हॉल बाबांना मोकळा मिळाला होता. खुर्च्या खडूच्या गोलांत लांब लांब मांडल्या होत्या. पण चमत्कार म्हटल्यावर अंतर पाळतो कोण? सरकत सरकत खुर्च्या एकमेकींना चिकटल्या आणि मास्क हनुवटीखाली उतरले.

मधोमध स्टुलावर पंपवाला बसला होता. आसपासच्या निम्म्या इमारतींचं पाणी त्याच्या हातच्या पंपांनी वर चढत होतं. "व्हॉल्व गेलाय. बदलल्याशिवाय गत्यंतर नाही," हे वाक्य त्यानं आयुष्यात हजारदा ऐकवलं असेल. आता त्याच्याच हृदयाचा व्हॉल्व अरुंद झाला होता. एक जिना चढला की डोळ्यांपुढे अंधारी यायची. आणि बदलून घ्यायची वेळ आली, तेव्हा हा गडी बाबांपुढे येऊन बसला होता.

"घाबरू नका!" बाबांचा उजवा हात त्याच्या छातीवर होता. "याच्या हृदयातली गाठ मी माझ्या हृदयात ओढून घेतोय. माझं हृदय आत्ता बंद आहे. मी आत्ता मेलेलो आहे!"

मेलेला माणूस इतकं बोलतो कसा, हे कुणालाच खटकलं नाही.

"ही अंधश्रद्धा नाही बरं का. शुद्ध विज्ञान आहे. क्वांटम! मोठमोठे सर्जन माझ्याकडे मागच्या दारानं येतात." मग बाबांनी डोळे फिरवले, डावा हात सैल सोडला आणि म्हाताऱ्याच्या बोटांखाली नाडी पुन्हा सुरू झाली. लोक उभे राहिले. पंपवाल्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

"बघितलंस वहिनी? कापाकापी नाही, काही नाही!" नणंद शिवणवालीचा दंड दाबत म्हणाली.

शिवणवाली ही पंपवाल्याची बायको. बाबांचा तो उंच कॉलरचा झगा तिनंच शिवला होता. समोर नवरा रडतोय आणि आपण झग्याचा खांदा कसा चोख बसलाय ते बघतोय, हे लक्षात आल्यावर तिला स्वतःचीच लाज वाटली.

ऑपरेशनची तारीख दोनदा पुढे गेली होती. दोन्ही वेळा हॉस्पिटलातले बेड साथीच्या पेशंटना लागले. तिसरी तारीख मिळाली, तेव्हा सिस्टरनं फोनवर स्पष्ट सांगितलं, "आठवडाभर घराबाहेर पाऊल नको. सोमवारी तपासणी, मंगळवारी भरती. ही तारीख चुकली तर पुढची कधी मिळेल सांगता येत नाही. आणि ताई, त्या व्हॉल्वकडे तेवढा वेळ नाही." त्याच सिस्टरनं तिला नाडी मोजायला शिकवलं होतं. सकाळ-संध्याकाळ ती त्याचं मनगट धरायची आणि आकडा भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहायची.

हॉलमधून परतल्यावर त्या रात्री तिनं विनवण्या केल्या, भांडली, अबोला धरला. पंपवाला ढिम्म.

"सात बैठकांत गाठ निघते. माझ्या सहा झाल्या. रविवारी शेवटची."

"आणि मंगळवार?"

"मंगळवारी मी जाणार नाही."

दुसऱ्या दिवशी पक्कड शोधताना तिला त्याच्या हत्यारांच्या पेटीत, वॉशरच्या डबीत, सहा दिवसांच्या गोळ्या सापडल्या. बाबांनी बंद करायला सांगितल्या होत्या. ती तिथेच जमिनीवर बसली आणि बराच वेळ वॉशरमधून एकेक गोळी वेगळी काढत राहिली.

नणंदेवर तरी कसं चिडायचं? पहिल्या लाटेत तिचा नवरा हॉस्पिटलात चालत गेला होता. परत आली ती चेन लावलेली पिशवी. तोंडसुद्धा बघू दिलं नाही. त्यानंतर हॉस्पिटल हा शब्द काढला तरी तिला कापरं भरायचं. भावाला ती बाबांकडे घेऊन गेली ती मायेपोटीच. पण मायेनं गेला म्हणून जीव काही कमी जात नाही.

शुक्रवारी बाबांचा माणूस झगा घेऊन आला. "आतून टाका उसवलाय. रविवारी हवाय."

तिनं झगा उलटा केला. डाव्या काखेत, अस्तराच्या आत, लिंबाएवढा खिसा होता. तिनंच शिवलेला. 'मंतरलेला खडा अंगाशी ठेवायचाय,' असं ऑर्डर देताना सांगितलं होतं. खिसा कशाला, असं गिऱ्हाइकाला विचारायचं नाही, हा तिचा धंद्याचा नियम. तिनं विचारलं नव्हतं.

पण कापड न विचारता सांगतं. खिशात वस्तू नुसती ठेवली तर वजनानं तो खाली ओघळतो. हा ओघळला नव्हता. बरगडीच्या बाजूनं त्याला मोज्याच्या टाचेसारखा गोल पोचा आला होता आणि टाका उसवला होता तो नेमका तिथे. म्हणजे आतली वस्तू कुणीतरी पुन्हा पुन्हा, जोर लावून दाबत होतं. कशासाठी?

तिनं मशीनवरचा दोऱ्याचा घट्ट गुंडा उचलला, डाव्या काखेत धरला, दंड आवळला आणि डाव्या मनगटावर बोटं ठेवली.

नाडी लागेना.

उजव्या मनगटाची मात्र लागत होती. मग तिनं सरळ गळ्याला हात लावला. तिथे धडधड चालू होती, नेहमीपेक्षा जोरातच. तिनं सिस्टरला फोन लावला. सिस्टर हसलीच. "हाताकडे जाणारी रक्तवाहिनी काखेतून जाते. ती दाबली की मनगटावर ठोका लागत नाही. हृदयाला त्याचा पत्ताही नसतो!"

शिवणवाली हसली नाही. ज्या खिशानं नवऱ्याच्या गोळ्या बंद केल्या, तो आपल्या हातचा होता, हे तिला गिळवत नव्हतं. घरी सांगितलं असतं तर 'तुझा विश्वासच नाही' म्हणून नवरा-नणंद दोघांनी तिलाच झिडकारलं असतं. तिनं सुई ओवली आणि आयुष्यात पहिल्यांदा मुद्दाम कच्चा टाका घातला. ठेवलेली वस्तू राहील. जोर आला की निसटेल.

रविवारी हॉल भरला. पंपवाल्याच्या छातीवर बाबांचा उजवा हात, म्हाताऱ्याच्या हातात डावं मनगट. बाबांनी डोळे मिटले, दंड आवळला आणि झग्याखालून एक लाकडी चेंडू टप्पकन पडून घरंगळत गेला.

बाबांचा चेहरा पांढराफटक पडला, पण क्षणभरच.

"गाठ!" ते गरजले. "निघाली! हृदयातली गाठ बाहेर पडली!"

हॉल दणाणला. लोक पाया पडायला धावले. "निघाली गं," म्हणत पंपवाला लहान मुलासारखा हुंदके देत होता आणि नणंद त्याला कवटाळून रडत होती. शिवणवालीच्या टाक्यानं बाबांनाच आणखी मोठं केलं होतं. आता गप्प बसावं तर मंगळवार हातचा जात होता. बोलावं तर नवऱ्याच्या तोंडावरचा तो आनंद आपल्याच हातानं पुसावा लागणार होता.

तिनं वाकून चेंडू उचलला.

"हात लावू नकोस! गाठ तुझ्यात शिरेल!" बाबा ओरडले.

"शिरू दे." तिनं तो डाव्या काखेत धरला आणि म्हाताऱ्यापुढे हात केला. "काका, बघा."

म्हाताऱ्यानं चाचपलं. "अरे देवा! नाही लागत!"

"आता हा उजवा बघा."

"हा... हा चालू आहे. चांगला टणटणतोय."

"बाबांचा उजवा हात आजवर कुणी तपासलाय? तो कायम पेशंटच्या छातीवर. गळ्याशी उंच कॉलर. काखेत हा खिसा. कॉलर आणि खिसा, दोन्ही मीच शिवलेत. चूक माझी, मी विचारलं नाही." मग ती नवऱ्यासमोर उकिडवी बसली. "अहो, तुम्ही सांगा. पाइप चिमटला तर पंप बंद पडला म्हणायचं का?"

पंपवाल्यानं चेंडू घेतला. स्वतःच्या काखेत धरला, मनगट पाहिलं, सोडलं, पुन्हा धरलं. असं त्यानं तीनदा केलं. दुरुस्तीला गेला की तो असाच तीनदा बघायचा.

"पंप चालूच असतो," तो पुटपुटला.

बाबांना एवढ्यात ध्यानाची वेळ आठवली. मागच्या दारानं सर्जन येत होते की नाही कोण जाणे. बाबा मात्र त्याच दारानं गेले. तरी जाता जाता दोघा-तिघांनी त्यांच्या माणसाला विचारलंच, "पुढची बैठक कधी?"

पंपवाला घरी आला. दारात थांबून म्हणाला, "इतके दिवस मला मरायची भीती वाटत नव्हती. कशाला जागं केलंस मला?"

"कारण मला वाटत होती," ती म्हणाली. "अजूनही वाटते. छाती उघडणार म्हटलं की माझेही हातपाय गळतात. पण खोट्या धिरानं व्हॉल्व बदलत नाही हो."

त्या संध्याकाळी त्यानं गोळी घेतली. तिनं सिस्टरला फोन करून हॉलमधली गर्दी, चुकलेल्या गोळ्या, सगळं कबूल केलं. बोलणी खाल्ली. हॉस्पिटलानं साथीची तपासणी दोनदा करायला लावली आणि तारीख शुक्रवारवर ढकलली. त्या गर्दीमुळे ती हे तीन दिवस भोगत होती. दोन्ही तपासण्या निर्दोष निघाल्या. भरतीच्या दारातून पुढे तिला सोडलं नाही. तिनं शिवलेली एक कडक उशी तेवढी आत गेली. खोकला आला की छातीशी आवळून धरायला.

ऑपरेशनच्या दिवशी ती हॉस्पिटलसमोरच्या फुटपाथवर सात तास बसून होती. मग फोन आला: नवा व्हॉल्व नीट बसला होता.

दोन आठवड्यांनी तो घरी आला. झोपायचं ते टेकून बसल्यासारखं, भरलेला तांब्यासुद्धा उचलायचा नाही, उशी छातीशी धरून खोलीतल्या खोलीत वीस पावलं. विसाव्या पावलाला तो घामाघूम व्हायचा आणि चिडून रडायचा. तिसऱ्या आठवड्यात नणंद आली. मास्क लावून दाराशीच बसली. घरात सामसूम होती आणि त्या सामसुमीत बारीक टिकटिक ऐकू येत होती.

"घड्याळ आणलंस?" नणंदेनं वहिनीला विचारलं.

"नवा व्हॉल्व आहे तो, ताई," शिवणवाली म्हणाली.

नणंद भावाच्या छातीकडे कान देऊन ऐकत राहिली. मग तिचा बांध फुटला. "तुला आणलं त्यांनी परत. मग तुझ्या दाजींना का नाही रे आणलं?"

पंपवाल्यानं उशी छातीशी आवळली. "मी विचारलं डॉक्टरांना. ते म्हणाले, जमेल तेवढं केलं. का वाचले नाहीत ते सगळं आम्हालाही कळलेलं नाही." तो दम घ्यायला थांबला. "ताई, त्यांनी 'माहीत नाही' म्हटलं. बाबांना सगळंच माहीत होतं."

नणंद उठली, हात धुऊन आली आणि भावापुढे हात केला. "मलाही नाडी बघायला शिकव." त्यानं आधी तिच्या डाव्या मनगटावर तिचीच बोटं ठेवून ठोका दाखवला, मग उजव्या मनगटावर.

तुमच्यासमोरही कुणी आपली नाडी थांबवून दाखवली, तर पाया पडायची घाई करू नका. दुसरा हात मागा. आणि घरातल्या आजारी माणसाच्या गोळ्या वेळेवर चालू आहेत ना, तेवढं आजच बघा.