मेन पाडल्यावर

त्या रविवारी धर्मपाल वानखडे यांच्या हातून भरितात मीठ जास्त पडलं होतं. धरणाच्या काठावर बाभळीखाली डबा उघडून त्यांनी लेकीला विचारलं, "बरोबर झालं ना?" मंजुषानं मान डोलावली आणि भाकरीचा तुकडा मोठा घेतला. त्यांच्या घरात बाबांना चुकलं असं कुणी म्हणत नसे. धाक नव्हता, माणूस मुळात मऊ. पण त्यांचा हात बहुतेक वेळा बरोबरच असायचा, आणि क्वचित नसला तर आई गप्प राहून निभावून न्यायची. आई गेल्यावर ती गप्प राहण्याची रीत मंजुषाकडे आली.

अकोल्यात धर्मपालांचं मोटार रिवायंडिंगचं दुकान होतं. विहिरीवरच्या जळालेल्या मोटारी तिथं यायच्या, पुन्हा तार भरून, वार्निश पिऊन परत जायच्या. मंजुषा लहानपणी शाळेतून आली की दुकानातच बसायची. पुस्तक मांडीवर आणि तारेचं रीळ पायाच्या अंगठ्यात. पुढे पुस्तकांनी तिला अमरावतीला नेलं, तिथल्या एका कॉलेजात ती ग्रंथपाल झाली. सुट्टी लागली की अकोल्याची गाडी धरायची.

लाँचचं काम मात्र बापालाही नवीनच होतं. धरणाच्या पाण्यानं पलीकडची गावं रस्त्यापासून तुटली होती. तिथली माणसं ने-आण करायला मच्छीमार संस्थेनं कोकणातून एक जुनी लाँच विकत घेऊन ट्रकवर लादून आणली. इंजिन धड होतं, पण खाऱ्या हवेनं वायरी आतून हिरव्या पडल्या होत्या. संस्थेचे अध्यक्ष खुशालराव हे दुकानाचं जुनं गिऱ्हाईक. त्यांनी विचारलं तेव्हा धर्मपाल म्हणाले होते, बारा व्होल्टचं तर आहे, ट्रॅक्टरसारखंच समजा.

जुनं सगळं उपटून त्यांनी स्विचचं नवं पॅनल केलं. प्रत्येक खटक्याखाली पांढऱ्या रंगानं, बारीक ब्रशनं लिहिलं : दिवा, भोंगा, पंखा, पंप. लाँचच्या तळाशी साचणारं पाणी उपसायला दोन पंप बसवले. एक हातानं चालू करायचा, दुसरा आपोआप चालणारा. पाणी वाढलं की त्याचा तरंगता फ्लोट वर उचलला जायचा आणि पंप सुरू व्हायचा. लाँच ढकलणाऱ्या पाण्यातल्या पंख्याचा दांडा जिथून बाहेर जातो तिथून थेंब थेंब पाणी आत येतंच, असं लाँच चालवणाऱ्या ललितनं पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. चाळिशीचा, बोलका माणूस. बाप-लेक तळाशी वाकून काम करत होते तेव्हा तो काठावरून टोमणे टाकत होता.

"काका, ताईले कॉलेजात पगार देऊन राहिले का वायरी धरायचा?"

"तिले पगार पुस्तकं झटकायचा," धर्मपाल मान वर न करता म्हणाले. "हे काम तिले येते. ते तिथं शिकवत नाहीत."

दुपारी त्यांनी तळात बादल्या ओतायला लावल्या. फ्लोट उचलला गेला, पंप घरघरला आणि लाँचच्या कुशीतून पाण्याची धार बाहेर पडली. ललितनं त्या धारेखाली हात धरला. धर्मपाल खूश होते, पण ते त्यांच्या चेहऱ्यावर दिसत नसे. ते फक्त हात पुसायचे, जास्त वेळ.

मग त्यांनी मेनचा खटका खाली पाडला. सगळं पॅनल गप झालं. ललितला जवळ बोलावून त्यांनी सांगितलं ते मंजुषानं जन्मभर ऐकलं होतं. रात्री-बेरात्री लाइन येते, कोणी नसताना मोटार सुरू होते, विहिरीत पाणी नसलं तर कोरडी फिरून जळते. त्यांच्या दुकानातल्या निम्म्या मोटारी मेन न पाडता घरी गेलेल्या माणसांच्या होत्या. चालू वायर मागं ठेवून जायचं नाही. मेन पाडल्याशिवाय हात धुवायचे नाहीत.

"काय करशीन मंग जाताना?"

"मेन पाडीन, काका."

"पुन्हा सांग."

ललितनं पुन्हा सांगितलं, हसत. संध्याकाळच्या गाडीनं मंजुषा अमरावतीला परतली. फाट्यावर सोडायला आलेल्या बापानं खिडकीतून शेंगांची पुडी दिली आणि गाडी हलायच्या आतच ते वळून चालायला लागले. नेहमीसारखंच.

दुसऱ्या दिवशी सकाळी दुकानाचं शटर अर्धं वर गेलं होतं तेव्हा धर्मपाल खाली बसले. शेजारचा चहावाला पाणी घेऊन धावला. पाणी पाजायला माणूस उरला नव्हता.

पुण्यानुमोदन झालं, पाहुणे गेले. मंजुषानं रजा वाढवली. दुकानात लोकांच्या मोटारी पडून होत्या. ज्यांच्या तयार होत्या त्या त्यांना दिल्या. एकीत अर्धीच तार भरलेली होती. बाबांचे वेढे जिथं थांबले होते तिथून पुढचे तिनं भरले, आणि कुठून कोणाचा हात लागला ते पुन्हा पाहिलं नाही. लोक येऊन बसायचे आणि एकच गोष्ट सांगायचे, की मिस्तरीच्या हातची मोटार पुन्हा कधी दुकानात आली नाही. ती ऐकून घ्यायची. त्या दिवसांत तिला पुस्तक वाचवत नव्हतं. पण हे ऐकवत होतं.

पोळा झाल्यावर पावसाची मोठी झड लागली. ती ओसरल्यावर खुशालरावांचा फोन आला. आधी तब्येत विचारली, मग सांगितलं की लाँच काठाशी बांधल्या जागी बुडाली. रात्रभराच्या पावसात. लोकांनी दोर लावून ती ओढून काढली. ललितनं पंपाकडे पाहिलं नसावं, असं सगळ्यांचं म्हणणं होतं. कोणी म्हणे तो पिऊन होता. संस्था त्याला काढणार होती. एकदा वायरिंग पाहायला कोणी मिळेल का, एवढंच त्यांना विचारायचं होतं. मंजुषा म्हणाली, मी येते.

बाबांची पिशवी घेऊन ती गेली. लाँच चिखलात कुशीवर कलंडलेली होती, गाळाचा वास येत होता. ललित बाभळीखाली बसला होता. तो उठला, पण जवळ आला नाही. टोमणा नाही, काही नाही.

पॅनलचे स्क्रू काढताना तिला वाटलं होतं, कुठंतरी वायर तुटलेली निघेल, गाळानं फ्लोट अडकलेला निघेल. फ्लोट मोकळा होता. वायरी धड होत्या, दोऱ्यानं ओळीत बांधलेल्या, प्रत्येक वळणावर गाठ. पंप तिनं सोबत आणलेल्या बॅटरीला लावून पाहिला, तर गाळ थुंकत चालला. मग ती आपोआप चालणाऱ्या पंपाच्या वायरीवर बोट ठेवून फ्लोटपासून मागं मागं गेली, जशी लहानपणी गेली असती. वायर पॅनलला आली. पॅनलमधून मेनच्या खटक्याला.

मेन खाली होती.

तिनं बोट उचललं आणि पुन्हा फ्लोटपासून सुरुवात केली. वायर त्याच वाटेनं तिथंच आली.

"मेन कोणी पाडली?" तिनं विचारलं.

"मीच, ताई. रोजच पाडतो. काकांनी सांगलं तसं." ललित अंदाज घेत जवळ आला. "सकाळी येऊन पहिले हातानं पंप चालवून पाणी काढो. रात्रभरात थोडंसंच साचे. त्या रात्री आभाळ फाटलं. लोक म्हणतात, पंप काऊन चालला नाही. मले काय माहीत? मी तं सगळं केलं जे करायचं व्हतं." जरा थांबून तो म्हणाला, "मायं काही चुकलं असंन तं तुमीच सांगा. दुसऱ्याकडून नको."

तिनं त्याला लाँचची बॅटरी कुठं ठेवलीस विचारलं, आणि तो ती आणायला गेल्यावर चिखलात बसली. विहिरीवर जी सवय मोटार वाचवते तीच पाण्यावर लाँच बुडवते. माणूस घरी गेल्यावरच ज्या पंपाचं काम सुरू होतं, त्याच्याच गळ्याशी बाबांनी मेन बांधली होती. बादल्या ओतून पाहिलं तेव्हा मेन वर होती. ती पाडल्यावर पुन्हा बादली ओतून पाहावी हे त्यांच्या मनात येणं शक्यच नव्हतं. जन्मभर ज्याची खात्री, ते कोण तपासून पाहतं?

काम सोपं होतं. बॅटरीवरून एक वेगळी वायर, तिला स्वतःचा फ्यूज, सरळ फ्लोटला. मेनच्या बाहेरून. वायर सोलताना तिच्या ध्यानात आलं की हे आत्ता बसवून टाकलं तर कोणाला काही कळणार नाही. पॅनल बंद केलं की वर बाबांची अक्षरं दिसतील, तेवढीच. बाप गेल्यावर मुलांचं काय होतं ते तिनं कितीतरी पुस्तकांत वाचलं होतं. त्यातलं काहीही आठवेना. दुकानात येऊन बसणारी माणसं तेवढी आठवत होती, आणि त्यांचं ते एकच वाक्य. तिच्याजवळ दुसरं काही उरलं नव्हतं. तिनं वायर ओढली, दाबून बसवली, आणि नवी वायर बाबांच्या दोऱ्यात न घालता वेगळी, वरून दिसेल अशी नेली.

खुशालराव संस्थेच्या दोघांना घेऊन आले तेव्हा ती हात पुसत होती. त्यांनी लाँचकडे पाहिलं, पॅनलकडे पाहिलं, आणि धर्मपालांच्या अक्षरांवरून बोट फिरवलं. मग हळू आवाजात, तिला त्रास नको म्हणून स्वतःच वाट काढून दिली.

"फ्लोट अडकला असंन, पोरी. नाही तं याचाच काही घोळ. वायरिंगात तं काही नव्हतं ना?"

ललित मागं उभा होता. तो जमिनीकडे पाहत होता.

"याचा घोळ नाही, काका," मंजुषा म्हणाली. तिनं झाकण उघडून दाखवलं, मेन पाडली की काय बंद पडतं आणि काय बंद पडायला नको होतं. कॉलेजात बोलते तशी, शांत, एकेक वाक्य. "यानं सांगितलं तसंच केलं. याला काढू नका."

खुशालराव बराच वेळ वाकून पाहत राहिले. त्यांना समजलं होतं. सरळ होत त्यांनी सोबतच्यांना नजरेनंच गप्प राहायला सांगितलं आणि म्हणाले, "जाऊ दे. गेल्या माणसाच्या मागं कशाले? असं करू, कोणाचंच नाव नाही घ्यायचं."

"घ्या, काका. नाही तर लोक याचंच घेतील." अमरावतीत कधी तोंडात न येणारी घरची बोली आपोआप आली. "ते असते तं मी बोलली नसती. कधीच नाही बोलली. चुकलं ते माह्या बाबाचं."