माणसाची भीती

नदीत पाणमांजरं पुन्हा नांदावीत म्हणून आम्ही दोघी बहिणी त्यांची पोरकी पिल्लं वाढवतो. केंद्र मी चालवते, बाटलीने दूध पाजते धाकटी. माझं काळीज दगडाचं आहे, असं ती चारचौघांत सांगते. सांगू दे बापडी.

सोडण्याआधी पिल्लाला माणसाची भीती घालायची, असा आमचा नियम आहे. ज्याच्या हातून ते खातं, त्यानेच घालायची. मी दगड मारले तर पिल्लू फक्त मला घाबरेल. धाकटीने मारले तर अख्ख्या माणूसजातीवरचा त्याचा विश्वास उडेल.

या खेपेला दोन होती, ढब्बू आणि चिमणी. ढब्बूच्या वेळी मी पिंजऱ्याबाहेर होते. आतून दगडांचे आवाज ऐकू आले. धाकटी डोळे पुसत बाहेर आली.

"घाबरला?"

"हो गं ताई, चांगलाच."

आम्ही त्याला नदीत सोडलं. आठवड्याच्या आत एक मासेमार त्याला पोत्यात घालून घेऊन आला. डोक्याचा पार चेंदा झाला होता.

"जाळी फाडतात हो ही," तो म्हणाला. "पण हा पळेचना. शीळ घालत होडीत चढला. वल्हं हाणलं, तरी माझ्याच पायाशी येत होता."

तो गेल्यावर धाकटी म्हणाली, "मी दगड भिंतीवर मारले होते."

माझं डोकंच फिरलं. "मग त्या माणसाला कशाला बोल लावायचा? ढब्बूला तूच मारलंस."

ती दगडांची बादली उचलून चिमणीच्या पिंजऱ्यात गेली. मीही मागोमाग गेले.

चिमणी शीळ घालत धावत आली. पहिला दगड तिच्या खांद्यावर बसला. ती किंचाळली आणि लपायला धाकटीच्याच बुटांमागे शिरली. धाकटीने तिला पायाने दूर लोटलं आणि पुन्हा मारला. पुन्हा मारला. शेवटी चिमणी लंगडत पाइपात घुसली आणि आतून फिस्कारू लागली.

"बास कर," मी म्हणाले. मलाच बघवेना. "घाबरली ती."

"ढब्बू पण घाबरलाय असंच सांगितलं होतं मी तुला."

ती खाली बसली आणि बाटली धरायची तसा रिकामा हात पुढे केला. बराच वेळ काही हललं नाही. मग चिमणी सरपटत बाहेर आली आणि तिची बोटं चाटू लागली.

धाकटीने दुसऱ्या हाताने बादलीतला मोठा दगड उचलला.