दोनदा उकरलेली माती

"ब्याड गं, दीपा, नको," वेणूबाईंनी सुनेला आधीच बजावलं होतं. "गेलेल्या लेकराच्या आईचं सोंगसुद्धा घेऊ नये. वास्तु तथास्तु म्हणत असते."

"घरात कुठं करतेय, आई? कॉलेजच्या मागच्या पटांगणात आहे," दीपश्री हसून म्हणाली होती.

श्रीवत्स सरांची पुरातत्त्व शिकवायची तऱ्हाच वेगळी. अर्ध्या वर्गानं फार जुन्या काळचा एखादा प्रसंग नाटकात जगायचा आणि मागं उरेल ते मातीत ठेवून जायचं. बाकीच्यांनी नाटक बघायचं नाही. रविवारी येऊन उकरायचं आणि हाती लागेल त्यावरून काय घडलं ते करून दाखवायचं. तोवर मातीला कुणी हात लावायचा नाही. यंदाचा प्रसंग दफनाचा. त्या काळी तान्हं मूल गेलं की दोन मडक्यांत, तोंडाला तोंड लावून, घरातल्याच जमिनीत पुरायचे. आईचं काम नव्यानंच शिकवायला लागलेल्या दीपश्रीकडे आलं.

"मूल म्हणून बाहुली चालेल," सर म्हणाले, "पण कापड वापरातलं आणा, मॅडम. कोऱ्या कापडानं रडू येत नाही."

म्हणून तिनं आपल्या लेकीचं, वेदाचं, तान्हेपणीचं दुपटं नेलं. रडू आलंच. इतकं, की नाटकातली मुलं आपापलं काम विसरली.

दुसऱ्या दिवशी वेदाला ताप भरला. डॉक्टर म्हणाले, साथ आहे. औषधानं ताप उतरे, परत चढे. वेणूबाईंनी देवापुढं नारळ ठेवला. त्या नारळाकडे दीपश्रीला बघवेना.

"आई, जड लागतंय," वेदा पुटपुटली. अंगावर तर नुसतं मलमलचं धुवट फडकं होतं.

शनिवारी भर दुपारी, पटांगणात चिटपाखरू नसताना, दीपश्रीनं स्वयंपाकघरातल्या उलथण्यानं खड्डा उकरला, दुपटं काढून घेतलं, उघडी बाहुली परत मडक्यात ठेवून माती दाबली. संध्याकाळी वेदाचा ताप उतरला.

रविवारी उकरणाऱ्यांत नेत्रा पुढं होती. ब्रशनं माती झाडता झाडता थांबली.

"सर, हे कुणीतरी नंतर उघडलंय. माती भुसभुशीत आहे बघा."

दीपश्री दोन पावलं मागं सरली.

"आणि एकदा नाही, दोनदा. इकडनं काहीतरी पातळ, लोखंडाचं घातलंय. त्याच्यावरनं परत, तिकडनं... बोटांनी."

बोटांनी? मी तर उलथणं नेलं होतं, आणि गेले ते एकदाच.

"कुत्रं असेल," सर म्हणाले.

"कुत्रं माती परत थापटून जातं होय, सर?"

मुलं हसली. सर हसले नाहीत. "खऱ्या उत्खननातसुद्धा असा दुसरा खड्डा दिसतो कधीकधी," ते हळूच म्हणाले. "आम्ही घुशी लिहून मोकळे होतो."

मग नेत्रानं करून दाखवलं. गुडघ्यावर बसली, नखांनी माती ओढली, मडक्यात हात घातला. चाचपलं. पुन्हा चाचपलं. मग मान वर करून एकेकाच्या हाताकडे बघू लागली.

"बाहुलीला सुती धागा चिकटलाय," ती म्हणाली. "पांघरूण होतं. कुणीतरी नेलं. ही आई तेच शोधायला आलीय."

चहाला सगळे गेले तशी दीपश्री मागं राहिली. पदराचा काठाकडचा तुकडा तिनं टर्रकन फाडला, बाहुलीला गुंडाळला, मडक्याला मडकं लावलं. कुणाचंच नाव घेतलं नाही.

"तुझं तुला, माझं मला," एवढंच म्हणाली, आणि स्मशानातून परततात तशी मागं न बघता निघाली.

मळमड्डी भागातल्या घरी वेदा जागी होती. "आई, थंडी वाजतेय."

दोरीवर धुतलेलं दुपटं वाळत होतं. दीपश्रीचा हात तिकडे गेला नाही. उरलेला पदर तिनं लेकीवर घातला.

"जड लागतंय का गं?"

वेदानं पदर हनुवटीपर्यंत ओढून घेतला.

"नाही," ती म्हणाली. "आता नाही."