राणीची सासू

माझे सासरे पेरितास संगमरवरातून माणसं घडवायचे. आमच्या आफ्रोदिसियासमध्ये निम्मं गाव हेच करतं, पण केसांच्या बटा कोराव्यात तर मामंजींनीच. माझा नवरा त्यांच्याच हाताखाली शिकला आणि कामासाठी रोमला गेला. त्यामुळे तेव्हा घरात आम्ही तिघंच होतो, मामंजी, सासूबाई आणि मी.

सम्राटाने नवं लग्न केलं आणि रोमहून राणीच्या चेहऱ्याचे प्लास्टरचे नमुने गावोगाव निघाले. राणीला आमच्यापैकी कोण बघणार? पण तिचं तोंड ओळखून मान लववायची असते, म्हणून सगळीकडे तेच तोंड उभं राहावं लागतं. आमच्या वाट्याचा नमुना नदी ओलांडताना गाढव घसरलं तेव्हा फुटला. गावात पोचला तो नुसता केशरचनेचा तुकडा.

नगरसभेचे सभापती आर्तेमोन तो तुकडा छातीशी धरून आमच्या अंगणात आले.

"पेरितास, देवीच्या उत्सवाला पुतळा उभा पाहिजे. दुसरा नमुना यायला हिवाळा सरेल."

"पण सभापती, ह्याला तोंडच नाही."

"तोंड कुणी पाहिलंय? केस जमले की राणी झाली. खाली ठळक नाव घालू."

मामंजींनी पडदा बांधून काम केलं. सासूबाई दुपारी मसुरीचं कालवण आणि भाकरी पडद्याखालून आत सरकवायच्या आणि बाहेरूनच ओरडायच्या, "जेवा आधी! ती राणी काही पळून जात नाही!"

उत्सवाच्या दिवशी चौकातल्या ओवरीत पुतळ्यावरचं कापड ओढलं आणि मी दोन पावलं पुढे गेले. केस रोमचे होते, पण त्याखालचं तोंड आमच्या सासूबाईंचं होतं. समोरच्याचं ऐकून घेताना त्या मान जराशी कलती करतात आणि टोमणा सुचला की खालचा ओठ किंचित आत ओढतात. ते सगळं तिथे होतं.

"काय तेज आहे!" आर्तेमोन म्हणाले. "राजघराण्याचं रक्त लपत नाही." सासूबाईंचे वडील शेळ्या राखायचे.

सभापतींना कळलं नाही, पण आमच्या गल्लीला कळलं. दुसऱ्या दिवसापासून शेजारणी दारात येऊन वाकायला लागल्या, "महाराणी, घरात लसूण आहे का?"

सासूबाई दोन दिवस मामंजींशी बोलल्या नाहीत. मग ताट वाढता वाढता म्हणाल्या, "मला विचारलं होतंत?"

"अगं अम्मिया, मी ठरवून नाही केलं. हात गेला तिकडे गेलो. दुसऱ्या कुठल्या बाईचं तोंड मला असं पाठ आहे?"

"नाक मोठं केलंय."

"आहे तेवढंच आहे."

सासूबाई चुलीकडे वळल्या. हसू लपवायला, हे मला दिसत होतं. तरी त्या ओवरीवरून जायचं टाळायच्या. आपल्याच तोंडासमोरून भाजीची टोपली घेऊन जायला लाज वाटते, म्हणायच्या.

ते टाळणं एका सकाळी संपलं. रंगारी त्रिफोनची एक गुलाम बाई होती, सिंतिखी नावाची. लोकर डागाळली म्हणून त्याने तिच्या हातावर उकळता रंग ओतला. ती पळाली आणि येऊन राणीच्या पुतळ्याचे पाय धरून बसली. राजघराण्यातल्या कुणाच्याही पुतळ्याचे पाय असे धरले की प्रांताधिकारी येऊन ऐकून घेईपर्यंत गुलामाला तिथून कुणी हलवू शकत नाही, असा कायदा आहे. त्रिफोनची माणसं ओवरीच्या पायऱ्यांवर ठाण मांडून बसली. बाई खाली उतरली की धरायचीच.

सासूबाईंनी ऐकलं आणि मध, तेल आणि भाकरी पदराखाली घेतली. "अफिया, चल."

"सासूबाई, तुम्ही तर तिकडे जात नाही ना?"

"माझ्या पायाशी आलीय ती. मी नको जायला?"

सिंतिखी डोळे मिटून दगडाला टेकली होती. चाहूल लागताच तिने सासूबाईंकडे पाहिलं, मग वर पुतळ्याकडे, मग पुन्हा सासूबाईंकडे. ती म्हणाली, "बाई, तुम्ही..."

"बोलू नकोस. हात दे इकडे." सासूबाईंनी भाजल्या जागी मध लावायला घेतला. मी विचारलं, नाट्यगृहात सम्राटाचा स्वतःचा पुतळा उभा आहे, तो वाटेतच होता, त्याच्याकडे का नाही गेलीस?

"त्याच्या हातात तलवार आहे," ती म्हणाली. "ह्या बाई ऐकून घेतील असं वाटलं."

मामंजींना हे सांगितलं तेव्हा ते उठून अंगणात गेले आणि बराच वेळ छिन्नीला धार लावत बसले.

प्रांताधिकारी यायला अवकाश होता. सासूबाई रोज दोन्ही वेळेला जायच्या. आणि मध्येच रोमहून घोडेस्वार आला. राणी सम्राटाच्या मनातून उतरली होती, तिला कुठल्याशा बेटावर धाडलं होतं. तिची तोंडं गावोगाव फोडायची, नाव खरवडायचं आणि तिच्या जागी सम्राटाच्या आईला उभं करायचं, असा हुकूम होता. जो घडवणारा, त्यानेच फोडायचं.

त्रिफोन निळ्या हातांनी टाळ्या पिटत ओवरीत आला. "उद्या इथे दगडांचा ढीग असेल, सिंतिखी. ढिगाचे पाय कसे धरशील?"

घरी मामंजी घण मांडीवर घेऊन बसले. "माझ्याच्याने नाही व्हायचं."

"अहो, माझं तोंड मोडेल म्हणून रडताय?" सासूबाई त्यांच्याशेजारी टेकल्या. "मी ही इथे बसलेय, जिवंत. त्या पोरीचं बघा. राणी गेली, तर तिच्या जागी कोण म्हणालात?"

"सम्राटाची आई."

"म्हणजे राणीची सासूच की. मग मला सासू करा." त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "तेवढा अनुभव आहे मला."

मामंजींनी घण खाली ठेवला आणि तसेच सभापतींकडे गेले. त्यांनी घातलेली गळ मी ऐकली, कारण सासूबाईंनी मला मागे पिटाळलं होतं.

"सभापती, प्रांताधिकारी येतोय. सम्राटाच्या आईच्या जागी त्याला रिकामा चौथरा दाखवणार?"

आर्तेमोन पांढरे पडले. "मग काय करू?"

"आधी नाव बदलू. नंतर उभ्या जागीच मी राणीची आई... आपलं, सम्राटाची आई घडवतो."

"आणि तोवर ते तोंड?"

"ते सम्राटाच्या आईचं अर्धवट तोंड. हात लावायची कुणाची छाती आहे?"

जुनं नाव खरवडून नवं कोरलं गेलं तेव्हा त्रिफोन दोरखंड घेऊन हजर होता. त्याने अक्षरं वाचली, पुन्हा वाचली आणि दोरखंड गुंडाळून घरी गेला.

मामंजी परांचीवर चढले. सासूबाईंना त्यांनी समोर, सिंतिखीच्या शेजारी बसवलं. दगड काढता येतो, घालता येत नाही, म्हणून त्यांनी गाल आत घेतले, डोळे खोल केले, कपाळावर आठ्या ओढल्या. हळूहळू वर एक म्हातारी दिसायला लागली.

"इतकी म्हातारी?" सासूबाई खालून म्हणाल्या.

"होशील."

"तुम्ही असाल ना तेव्हा बघायला?"

छिन्नी थांबली. मामंजींच्या छातीत दगडाची धूळ बसली होती, ते खोकायचे कसे हे आम्हा दोघींना ठाऊक होतं.

"म्हणून तर आत्ताच बघून घेतोय," ते म्हणाले.

सासूबाईंनी मान खाली घातली नाही. मामंजींना नीट दिसावं म्हणून उन्हाकडे तोंड केलं आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं ते तसंच वाहू दिलं. सिंतिखीने चांगल्या हाताने त्यांचा हात धरला.

प्रांताधिकारी आला, पुतळ्यापुढे वाकला, मग त्याने सिंतिखीचा हात उघडून पाहिला. त्रिफोनकडून काढून त्याने तिला देवीच्या देवळात सेवेला दिलं. वसंतात सम्राटाच्या आईचा खरा नमुना रोमहून धडधाकट आला. गोल चेहरा, बारीक जिवणी. आर्तेमोन एकदा त्याच्याकडे, एकदा ओवरीतल्या बाईंकडे बघत राहिले आणि शेवटी म्हणाले, "राहू दे. गावाला हिची सवय झालीय." नमुना कोठारात गेला.

मामंजी आमच्या अंदाजापेक्षा पुष्कळ जगले. सासूबाईंचे केस पिकले, दात पडले. सिंतिखी सणासुदीला देवळातली अंजिरं घेऊन यायची आणि दोघींच्या गप्पा संपायच्या नाहीत. अशाच एका दुपारी मामंजी खाटेवरून सासूबाईंना निरखत होते.

"अम्मिया, मी चुकलो. कपाळाला आठ्या घातल्या. तुझ्या सुरकुत्या सगळ्या डोळ्यांपाशी आल्या, हसून हसून." त्यांनी छिन्नी चाचपली. "नीट करून येतो."

"पडून राहा गुपचूप," सासूबाई त्यांचं पांघरूण सारखं करत म्हणाल्या. "ती सम्राटाची आई आहे, तिच्या कपाळाला आठ्या असायच्याच. मला कसल्या?"

मामंजी हसले, खोकले, पुन्हा हसले. मी पाणी आणायला उठले.