मानपान नावाचं बटण

केतकीनं 'मांडव' हा प्रोग्रॅम लिहिला तेव्हा तिला लग्नपत्रिकांमध्ये काडीचा रस नव्हता. कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला काहीतरी सादर करायचं होतं, आणि त्याच महिन्यात टिळकवाडीतल्या तिच्या घरी आत्याच्या लग्नाची पत्रिका जुळवताना दोनदा जेवणं अडली होती, एवढंच निमित्त. प्रोग्रॅम झाला, मार्क मिळाले, आणि तिनं तो कोडसकट इंटरनेटवर मोकळा सोडून दिला. ज्याला पाहिजे त्यानं घ्यावा, वापरावा, बदलावा. वापरायला पुष्कळांनी घेतला. बदलायला जवळजवळ कुणीच घेतला नाही.

बेळगाव, निपाणी, सदलगा, चिकोडी इकडच्या छापखान्यांतून 'मांडव' हळूहळू कॉम्प्युटरवर येऊन बसला. तो फुकट होता, आणि फुकट वस्तूबद्दल तक्रार करायलाही पैसे पडत नाहीत, हे छापखानेवाल्यांच्या फार लवकर लक्षात आलं. कुणाला गणपती थोडा डावीकडे पाहिजे होता. कुणाला वऱ्हाडाच्या बसची वेळ घालायला वेगळी चौकट हवी होती. 'आमच्या काकाच्या लग्नाला यायचं हं' या ओळीखाली किती पोरांची नावं मावावीत, याबद्दल सदलग्याच्या शामूचं स्वतंत्र मत होतं. केतकी नोकरीवरून घरी यायची, चहा घ्यायची आणि एकेकाची मागणी पुरी करायची. पंधरा वर्षांत स्क्रीनवर इतकी बटणं झाली की मधली पत्रिका टपाल तिकिटाएवढी दिसायला लागली.

या सगळ्यात अवघड बटण होतं 'मानपान'.

एका लग्नाची एक पत्रिका, हे गणित आमच्या सीमाभागात बसत नाही. काकांकडे जाणाऱ्या पत्रिकेत काकांचं नाव वर लागतं आणि मराठी मजकूर आधी. मामा गोकाककडे स्थायिक असले, त्यांचे शेजारीपाजारी कन्नड वाचणारे असले, तर त्यांच्या गठ्ठ्यात मामा वर आणि कन्नड आधी. व्याह्यांचा गठ्ठा आणखी वेगळा. नावं तीच, मुहूर्त तोच, फक्त वरचे खाली आणि खालचे वर. पूर्वी छापखानेवाले हे हातानं करायचे आणि एखादा गठ्ठा चुकून दुसऱ्या घरी गेला की दोन पिढ्यांचं बोलणं बंद व्हायचं. 'मानपान' बटण दाबलं की नावं एकदाच भरायची आणि कुठल्या गठ्ठ्यात कोण वर, एवढं सांगायचं. बाकीचं मशिन करायचं.

करायचं म्हणजे, केतकीनं करून घ्यायचं. कन्नड ओळ मराठीपेक्षा लांब होई. क्रम बदलला की ओळी तुटत, आणि शेवटची आत्या पत्रिकेच्या बाहेर जाऊन पडे. अक्षरांचे टाइप नवे आले, कॉम्प्युटर नवा आला की हाच भाग आधी मोडायचा. निम्मा कोड या एका बटणामागे होता आणि केतकीच्या जवळजवळ सगळ्या संध्याकाळी.

शेवटी तिनं अनयला फोनवर सांगितलं, "हा भाग जाईल, नाहीतर मी जाईन. दोघं एका प्रोग्रॅममध्ये राहू शकत नाही."

अनय मूळचा टिळकवाडीचाच, आता पुण्यात मोठ्या कंपनीत स्क्रीन कशी दिसावी हे ठरवायचं काम करायचा. 'मांडव'ला हात लावणारा केतकीखेरीज तो एकटाच. त्याला आनंद झाला.

"मी कधीचा म्हणतोय," तो म्हणाला. "माणसापुढे दहा पर्याय ठेवणं म्हणजे आपलं काम त्याच्यावर ढकलणं. नावांचा क्रम ठरवायची सोयच नको. भरली की वर्णानुक्रमे आपोआप लागतील. क्रम ठरवायला दिला की भांडण आलंच."

"लोक मागतील पण."

"आपण विचारू ना लोकांना."

त्यानं इंटरनेटवर प्रश्न टाकला: मानपान ठेवावं की काढावं? बहुमत 'काढावं' असं पडलं. उत्तरं देणारे सगळे इंटरनेटवर उत्तरं देणारे लोक होते. छापखानेवाले तिथं कधी जात नसत, ते फोन करत. आणि फोन त्यांनी मत द्यायला नव्हे, मानपान गेल्यावर केला.

नवी आवृत्ती स्वच्छ होती. मधोमध पत्रिका, बाजूला चार बटणं. पुण्याहून कुणीतरी लिहिलं, 'अखेर!' केतकी त्या संध्याकाळी कितीतरी दिवसांनी दुसऱ्या रेल्वे गेटपर्यंत फिरून आली.

परत आली तर निपाणीच्या भरमाचा फोन. भरमाचा छापखाना बसस्टँडजवळ, आणि आवाज छापखान्यातल्या मशिनवर बोलायची सवय असलेला.

"आक्का, ते मानपान कुठं गेलं?"

"काढलं, भरमाअण्णा."

"काढलं म्हंजे? कुठं ठिवलंय?"

"कुठंच नाही. काढून टाकलं."

"मग आता लोकांनी काय करायचं?"

"एकच पत्रिका छापायची. सगळ्यांना सारखी."

"आणि भांडणं कोण मिटवायची? तुमी येणार काय निपाणीला?"

"जुनी आवृत्ती आहे की. ती वापरा."

"नव्या मशिनवर ती चालत न्हाय. पोरगं बघून बघून दमलं." मग आवाज जरा खाली आणून, "आक्का, माझं काय चुकलं काय? मागं त्या गणपतीसाठी लई फोन केलतो म्हणून राग न्हाय न्हवं?"

राग नाही, असं केतकीनं सांगितलं. पुढच्या आठवड्यात सदलगा, संकेश्वर, खानापूर अशी सगळीकडून हीच चौकशी आली. ती सगळ्यांना तेच सांगत राहिली आणि फिरायला जात राहिली. तिचं म्हणणं चुकीचं नव्हतं. सगळ्यांना एकच पत्रिका हे जास्त सरळ, जास्त प्रामाणिक. सरळ गोष्टीची सवय व्हायला वेळ लागतो, एवढंच.

त्याच हंगामात तिच्या भावाचं, सूरजचं, लग्न ठरलं.

पत्रिका भरमाकडेच, आणि नव्याच 'मांडव'वर, असा हट्ट तिच्या वडिलांनी धरला. गोपाळराव हायस्कूलमधून मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झालेले. नावं वर्णानुक्रमे लागणार हे ऐकून त्यांना मनापासून बरं वाटलं. "हजेरीपटाप्रमाणे," ते म्हणाले. "यात पक्षपाताला जागा नाही. जन्मभर मी हेच केलं."

हजेरीपटावर सगळ्यात वर आला अण्णू. अण्णू हा वडिलांचा चुलतभाऊ. त्याच्याशी बांधावरून अनेक वर्षं कोर्टात चाललं होतं, आणि 'नाव घातलं नाही' हे त्याला आणखी एक कारण मिळू नये म्हणूनच त्याचं नाव घातलं होतं. त्याच्या खाली गोपाळ. गोपाळच्या खाली मारुतीराव, म्हणजे धाकट्या भावाच्या खाली थोरला. त्याच्याही खाली रवळू, गोकाकचे मामा. प्रूफ वाचताना गोपाळरावांची पेन्सिल क्षणभर आपल्या नावाशी थांबली. मग 'ग' हा 'म'च्या आधी येतो हे निर्विवाद असल्यामुळे पुढे गेली.

मामांना पत्रिका पोचली. त्यांनी फोन करून "पत्रिका मिळाली" एवढंच सांगितलं. कशी झाली, हे सांगितलं नाही.

कंग्राळीला मारुतीकाकांकडे केतकी आणि वडील स्वतः गेले. काकांनी चष्मा लावून पत्रिका वाचली, घडी घातली, घड्याळामागं ठेवली.

"येतो की," ते म्हणाले. "अक्षतेला येतो."

घरचा थोरला माणूस. देवक त्याच्या हातून बसायचं, हळदीला तो आधी हजर पाहिजे, आणि तो म्हणतो अक्षतेला येतो. गल्लीतले लोक अक्षतेला येतात.

दुसऱ्या दिवशी केतकी एकटी कंग्राळीला गेली. काका बाहेरच्या सोप्यात पेपर वाचत होते. जयाबाई काकी शेंगा फोडत होत्या.

"काका, ती नावं मशिननं लावलीत. कुणाचा मान कमीजास्त करायचा नव्हता."

"व्हय की. मशिनला काय कळतंय." पान उलटून, "हा अण्णू कोण गं?"

"काका!"

"न्हाय, पैला घातलाय म्हणून इचारलं. कोणतर मोठा माणूस असंल."

"'अ' पहिला येतो."

"मग चुकलंच आईचं. मला अर्जुन म्हणाय पायजे होतं."

केतकीनं ठरवून आणलेलं वाक्य काढलं. "काका, आधीच्या लग्नांत तुमचं नाव वर असायचं ते फक्त तुमच्या गठ्ठ्यात. मामांच्या गठ्ठ्यात मामा वर असायचे. आम्ही तुम्हाला फसवत होतो. आता फसवत नाही, एवढाच फरक."

काकांनी पेपर खाली ठेवला आणि ते हसले. काकीही हसल्या.

"मला ठावं न्हाय व्हय? तुझ्या आत्तीच्या लग्नात रवळूची पत्रिका मी त्याच्या घरातच बघितली. आणि माझी त्यानं हितं बघितली. त्या खुर्चीत बसून."

"मग?"

"मग काय? च्या घेतला."

"राग नाही आला?"

"कशाला यील? माझ्यासाठी येगळी छापली म्हंजे कोणतर बसून इचार केला असंल न्हवं, मारुतीरावाकडं कुठली द्यायची. एवढंच बघायचं असतंय त्यात. आता तुझं मशिन म्हणतंय, इचार करायचंच कारण न्हाय."

केतकी एकदम उसळली. "तो विचार कोण करत होतं, काका? मी करत होते. कुठल्यातरी गडहिंग्लजच्या आत्यासाठी रोज रात्री जेवण होईपर्यंत. पंधरा वर्षं. तुमचा सगळ्यांचा मान राहायचा आणि माझी संध्याकाळ जायची. माझ्यासाठी कुणी वेगळं काय छापलंय?"

काका चष्मा पुसायला लागले. हे त्यांनी कधी मोजलं नव्हतं, हे दिसत होतं. पण तसं ते म्हणणार नव्हते, हेही दिसत होतं.

काकींनी विचारलं, "एकटीच करतीस व्हय गं?"

"एकटीच."

"आणि ज्यांचा धंदा चालतोय त्यावर, ती माणसं?"

"ती फोन करतात."

"मग बोलीव की त्यास्नी कामाला. फोन कराय येतंय म्हंजे हात हायत."

"त्यांना कोडमधलं काय कळणार, काकी?"

"मला तरी काय कळतंय? मी आपलं इचारलं," असं म्हणून काकींनी शेंगा पुढं ओढल्या.

निघताना केतकीनं काकांना सांगितलं, "तुमच्या गठ्ठ्याची दुसरी छापून आणते."

"नगो," काका म्हणाले. "आता आणलीस तर ती मागून घेतल्यागत हुतीय."

काका हळदीला आले. देवकही त्यांच्याच हातून बसलं. हळदीचं जेवण मात्र ते जेवले नाहीत, पोटाची तक्रार सांगितली. मामा आले, जेवले, आणि अण्णू मांडवात सगळ्यांच्या आधी येऊन पहिल्या रांगेत बसला. एवढा मान त्याला आयुष्यात मिळाला नव्हता. तो इतका चांगला वागला की लोकांना काळजी वाटली.

लग्न झाल्यावर केतकीनं छापखानेवाल्यांचा मोबाइलवर एक ग्रुप केला आणि त्यावर लिहिलं की मानपान परत येईल, पण तिच्या एकटीच्या जिवावर नाही. ज्यांना ते हवं आहे त्यांनी दर नव्या आवृत्तीआधी आपापल्या जुन्या पत्रिका त्यात घालून बघायच्या, काय मोडतं ते ग्रुपवर लिहायचं. फोन करायचा नाही. आणि बसच्या वेळेची चौकट, गणपती सरकवायची सोय वगैरे बऱ्याच गोष्टी मात्र परत येणार नाहीत.

ग्रुपमधले काहीजण लगेच बाहेर पडले. भरमानं अर्थातच फोन केला.

"आक्का, आमाला काय येतंय त्यातलं?"

"पत्रिका बिघडलेली ओळखता येते ना?"

"ती लांबनं येती."

"तेवढंच करायचं. का बिघडली ते मी बघते."

"आणि लिवायचं कुठं?"

"ग्रुपवर."

"बोलून पाठवलं तर चालंल?"

इथं केतकीनं माघार घेतली. चालेल म्हणाली.

अनयला हे पटलं नाही. "तू परत त्याच खड्ड्यात चाललीयस," तो म्हणाला. "उद्या भरमा दमेल, परवा शामू दमेल, आणि परत तू एकटी. एकासाठी जे ठेवतेस ते हजारांच्या डोळ्यांपुढे येतं."

"डोळ्यांपुढे येणार नाही. मागितलं तरच दिसेल. तुझी स्क्रीन तशीच ठेवतेय."

"दिसत नसलं तरी सांभाळावं लागतंच ना."

ते खरं होतं, आणि केतकीनं ते नाकारलं नाही. अनयनं कोडची आपली प्रत घेतली आणि 'सोपा मांडव' या नावानं वेगळी चूल मांडली. भांडण झालं नाही. मोकळ्या सॉफ्टवेअरमध्ये भाऊ वेगळे झाले की दोघांनाही अख्खी इस्टेट मिळते, ही त्यातली मोठी सोय आहे. त्याचा मांडव तिच्यापेक्षा कितीतरी जास्त लोक वापरतात. पुण्यात काका नसतात असं नाही, पण ते पत्रिका मोबाइलवर बघतात आणि अंगठा दाखवून मोकळे होतात.

मानपान परत लिहायला केतकीचा सबंध पावसाळा गेला. फिरणं बंद पडलं. भरमा कधी पत्रिका तपासायचा, कधी विसरायचा. विचारल्यावर "आज करतो, आक्का" म्हणायचा, आणि दोन दिवसांनी करायचा. अनय म्हणाला तसंच होणार, असं तिला मधूनमधून वाटायचं.

दिवाळीनंतर, हंगामाच्या तोंडावर, एका संध्याकाळी ती घरी आली तर ग्रुपवर भरमाचा निरोप पडला होता. कन्नड वर घेतलं की मुहूर्त दुसऱ्या पानावर जातोय, आता काय करायचं, वऱ्हाड तर पहिलंच पान वाचतंय. तिनं लॅपटॉप उघडला. तेवढ्यात खाली शामूचा निरोप आला: 'माझ्याकडं बी जात होता. पत्त्याची ओळ बारीक कर, बसतोय.' त्याखाली खानापूरच्या कुणीतरी शामूला सांगितलं होतं की पत्ता बारीक केला तर म्हाताऱ्यांना दिसत नाही, त्यापेक्षा वरची जागा कमी कर. शामूनं त्यावर त्याच्या छापखान्यातल्या म्हाताऱ्यांबद्दल काही लिहिलं होतं. भरमानं मधेच पत्रिकेचा फोटो टाकला. मुहूर्त पहिल्या पानावर होता, जरा वाकडा.

वाकडा का आला, ते शोधायला हवं होतं. ते काम तिचंच होतं, उद्या केलं तरी चालण्यासारखं. केतकीनं लॅपटॉप मिटला. तिघांचं अजून चाललंच होतं. तिनं फोन घरीच ठेवला आणि चप्पल घातली.