हौदाला मीठ

हरणाबाईनं मीठ-मोहऱ्यांची मूठ मेथीच्या वाफ्यावरून उतरवली, आल्यागेल्याच्या नजरेला दोन शिव्या हासडल्या आणि मूठ सरळ माशांच्या हौदात सोडली.

"आगं ए! काय टाकलंस त्यात?" ओट्यावरून तिचा नवरा व्यंकट ओरडला.

"दिष्टीचं मीठ. चुलीत टाकलं की तडतडतंय, पोटुशी लेक दचकती. म्हनून पान्यात टाकती रोज."

"रोज?"

"मेथी करपाय लागल्यापासनं. गावात हिरवं पान न्हाय, आन आपल्या दारात भाजी. लागनारच की नजर!"

व्यंकटनं कपाळावर हात मारून घेतला. "नजर न्हाय गं बये, मीठच लागलंय तिला. म्या बी टाकतुया की!"

आता ह्याला काय म्हणावं? एकाच हौदात नवरा माशांसाठी मीठ टाकत होता, बायको भाजीसाठी. आणि एकानं दुसऱ्याला विचारलं म्हणून नव्हतं.

बहात्तरच्या दुष्काळात तळ्याला भेगा पडल्या, तेव्हा मच्छीमार संस्थेनं चिखलातून मोजक्या मरळी उचलून व्यंकटच्या हौदात आणून सोडल्या. व्यंकट संस्थेचा राखणदार. संस्था भोयांची, चेअरमन मात्र बागायतदार आबाराव. ज्याच्या घरात जाळं नाही तो जाळेवाल्यांचा धनी, चालायचंच! "व्यंकट, हे संस्थेचं बी हाय," आबाराव म्हणाला होता. "पाऊस पडला की ह्येच तळ्यात सोडायचं. जिवापाड जप." झालं! बेलभंडार उचलावा तसे व्यंकटनं ते शब्द मनावर घेतले.

पाणी टँकरचं, तेही घोटभर. म्हणून हरणाबाईनं युक्ती काढली. हौदातलं घाण पाणी वाळूच्या वाफ्यात सोडायचं, वाफ्यातून झिरपलेलं खालच्या डेऱ्यात धरायचं आणि पुन्हा हौदात ओतायचं. माशांच्या घाणीवर मेथी-पालक असे तरारले की आयाबाया बघायला यायच्या. लेक चांगुणा पहिल्या बाळंतपणाला माहेरी आलेली, चेहरा पांढराफटक. लोहाऱ्याची नर्सबाई बजावून गेली होती, "अंगात रक्त नाही हिच्या. रोज पालेभाजी द्या, मासळी द्या. नाहीतर बाळंतपण जड जाईल."

मग मरळींच्या अंगावर कापसासारखी बुरशी आली. मत्स्यखात्याच्या साहेबानं खडेमीठ टाकायला सांगितलं, गुणही आला. पण उन्हानं पाणी आटायचं, व्यंकट वरून घागर ओतायचा आणि नव्या पाण्याबरोबर पुन्हा पसाभर मीठ टाकायचा. पाण्याबरोबर मीठही उडून जातं, असं त्याला वाटायचं. मीठ कुठं जातंय! तेच पाणी फिरून फिरून खारं होत गेलं, वाळूवर पांढरा थर धरला. मरळ जातीची चिवट, ती तगली. भाजी मेली.

"हौद उपसून नवं पानी भरा," हरणाबाई म्हणाली.

"कुठनं आनू? प्यायला न्हाय."

"मग एक मरळ काढा पोरीला. भाजी तर गेली."

"संस्थेची हाय ती."

"आन पोरगी कुनाची हाय?"

हरणाबाईचा जीव तळतळला. दारात मासळी पोहतेय आणि लेक रेशनच्या मिलो ज्वारीच्या भाकरीवर चटणी खातेय, ह्याला इमान म्हणायचं की खुळेपण? त्या दिवसापासून ती नवऱ्याशी कामापुरतंच बोलू लागली. तो मात्र सकाळ-संध्याकाळ हौदात डोकावून मरळी निरखत राहिला.

असेच दिवस गेले आणि एका दुपारी आबारावची जीप दारात थांबली. मळ्यात पाहुणे उतरले होते, दुष्काळाची पाहणी करायला आलेले. गड्यानं विचारलं ना सवरलं, हौदात जाळं टाकलं.

"मालक, बी हाय ते..." व्यंकट चाचरत म्हणाला.

"आरं, पाऊस पडू दे, सरकार गाडीभर बी देतंय. पावन्यांला काय दगडं वाढू?"

मरळी डब्यात पडल्या. जीप सुरू झाली. जन्मात कुणापुढं हात न पसरलेला व्यंकट तेव्हा जीपला आडवा गेला. "मालक, एक द्या. पोरगी पोटुशी हाय. तिच्या अंगात रक्त न्हाय."

आबाराव खरंच चकित झाला. "आरं येड्या, मग आधीच घालायची न्हाय का खाऊ? तुझ्याच दारातल्या मरळी! कोन इचारनार हुतं तुला?" आणि हसत त्यानं डब्यातली लहानशी मरळ व्यंकटच्या हातात टेकवली.

जीप गेली. व्यंकट मासा धरून तसाच उन्हात उभा. हरणाबाईनं दारातून सगळं ऐकलं होतं. नवऱ्याचा चेहरा बघून ती पुढं आली आणि तिनं त्याच्या हातातून मासा काढून घेतला.

संध्याकाळी रस्सा झाला. चांगुणानं पहिला घास घेतला आणि तिचा चेहरा जरा उजळला. "दादा, तुमी बी घ्या की वाईच," ती बापाला म्हणाली.

भोयाच्या घरी जन्मलेला व्यंकट म्हणाला, "मला मासळीचा वास सोसत न्हाय, बाय," आणि कोरडी भाकरी मोडू लागला.