तांब्याची चकती आणि मधला स्पीकर

"ऐकू आलं! प्रत्येक शब्द ऐकू आला!" पहिल्या रांगेतल्या आजी उभ्या राहून ओरडल्या आणि अख्ख्या खोलीने टाळ्यांचा कडकडाट केला.

टीव्ही-स्पीकरच्या दुकानाचा वरचा मजला होता. पन्नास खुर्च्या, आणि त्यांच्या मागे तेवढेच लोक उभे. बहुतेक साठीच्या पुढचे, एक हात कानामागे धरून बसलेले. समोर भलामोठा टीव्ही, त्याच्या भोवती पाच स्पीकर, आणि खालच्या कपाटात त्या पाचांना आवाज वाटून देणारा काळा डबा, म्हणजे रिसीव्हर. त्याच्या समोरच्या काचेवर, आकडे उमटतात तिथे, काळी पट्टी चिकटवलेली. "उजेडाने नाद बिघडतो," असं त्याचं कारण सांगितलं गेलं होतं.

सांगणारा गृहस्थ पांढऱ्या कपड्यांत होता. लोक त्याला नादगुरू म्हणत. त्याच्या उजव्या हातात आपटला की सूर देणारा, दोन दात्यांचा, जाड लाकडी मुठीचा नादकाटा, डाव्या हातात बशीएवढी तांब्याची चकती.

"मंडळी, तुमचे कान बिघडलेले नाहीत," तो म्हणाला. "बिघडलाय तो आवाज! कारखान्यातून येतो तो मृत आवाज. वीज वळणं घेत येते, थकते, आणि थकलेली वीज थकलेला आवाज देते. मी फक्त तिला जागं करतो. विज्ञान आहे हे, चमत्कार नाही!"

चमत्कार नाही म्हटल्यावर लोकांचा चमत्कारावरचा विश्वास दुप्पट झाला.

आधी त्याने सिनेमातला एक प्रसंग लावला. दोन माणसं पावसात भांडत होती. पाऊस छान ऐकू येत होता, भांडण मात्र तोंडात बोळा कोंबल्यासारखं. मग त्याने चकती रिसीव्हरवर ठेवली, नादकाटा आपटून टिंग् केलं, त्याची मूठ चकतीकडे रोखली. तीनदा टिंग्. तोच प्रसंग पुन्हा लागला आणि त्या दोघांचं भांडण लख्ख ऐकू आलं.

माझ्या शेजारी बसलेल्या भावोजींनी माझा दंड घट्ट धरला. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं.

"बघितलंस?" ते म्हणाले. "तू म्हणतोस, मशीन बरोबर आहे!"

आवाज खरोखर सुधारला होता. वीस वर्षं मी हेच डबे दुरुस्त करतोय. तांब्याच्या चकतीने तो सुधारणार नाही एवढं कळत होतं, पण कशाने सुधारला ते तिथे बसून सांगता येईना. आणि खरं सांगायचं तर भावोजींचं ते वाक्य मला झोंबलं होतं.

कारण त्यांच्या घरचा रिसीव्हर मीच निवडून दिला होता. भावोजींनी आयुष्यभर छापखान्यात मशीन चालवलं. त्या धडधडीत कान गेले. निवृत्तीनंतर सिनेमे बघायचे ही त्यांची एकच हौस. "मोठा घे, जास्त वॅटचा," असं त्यांचं म्हणणं. मी त्यांना समजावलं, की दहा बाय बाराच्या खोलीला एवढी ताकद लागत नाही. टीव्ही आणि बाकीच्या वस्तू जोडायला पुरेशी भोकं हवीत, मागे हवा खेळायला जागा हवी, आणि बटणं तुम्हाला झेपतील अशी हवीत. घेतला तो चांगलाच होता. वायरी मी भिंतीच्या कडेने नेल्या, सोफ्यावर माइक ठेवून रिसीव्हरकडून पाचही स्पीकरचे आवाज मोजून घेतले, आणि माझ्या कामावर खूश होऊन घरी गेलो.

आठवड्याने भावोजींचा फोन आला. "गाड्यांचे आवाज येतात, माणसांचे येत नाहीत."

"भावोजी, मशीनने मोजून लावलंय. ते बरोबरच आहे."

पुन्हा फोन आला, मी पुन्हा तेच सांगितलं. ते आवाज वाढवायचे, मग गाड्या आणखी मोठ्याने धावायच्या, त्यांची बायको, म्हणजे माझी ताई, वैतागून कमी करायची. कानाच्या डॉक्टरांनी श्रवणयंत्रं दिली होती, पण ती घालणं त्यांना कमीपणाचं वाटे. मोजून बसवलेलं यंत्र आणि त्यासमोर बसणारा माणूस या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे माझ्या डोक्यात शिरलं नाही. मी ऐकून घेतलं नाही, म्हणून ते जो ऐकून घेईल त्याच्याकडे गेले.

त्या कार्यक्रमानंतर दोन दिवसांनी नादगुरू त्यांच्या घरी स्वतः आला. पैसे घेऊन एक चकती रिसीव्हरवर ठेवली, तिला टाचणीएवढंही हलवायचं नाही असं बजावलं. मग "विजेचं शुद्धीकरण" करायचं म्हणून सगळ्यांना स्वयंपाकघरात बसवलं आणि बैठकीचं दार आतून लावून घेतलं. दहा मिनिटांनी दार उघडलं तेव्हा काचेवर काळी पट्टी होती, आणि टीव्हीतली माणसं स्पष्ट बोलत होती.

"आता कान उघडलेत," तो भावोजींना म्हणाला. "ती यंत्रं काढून ठेवा. यंत्र घातलं की कान आळशी होतो. रोज दोन तास या आवाजासमोर बसा, चाळीस दिवसांत पानाची सळसळ ऐकू येईल."

ताईने विचारलं, "आणि डॉक्टर?"

"डॉक्टर यंत्र विकतात, बाई. मी कान देतो."

ताई शाळेत विज्ञान शिकवायची. तिने वाद घातला, भावोजींनी ऐकलं नाही. त्यांना हवं तेच कुणीतरी सांगत होतं. श्रवणयंत्रं डबीत गेली, डबी कपाटात.

पंधराव्या दिवशी दुपारी ताई भाजी आणायला गेली. मुलगा आणि सून कामावर. घरात भावोजी आणि चार वर्षांची नात, सगळे तिला चिमणी म्हणतात. चिमणी न्हाणीघरात गेली, आतून कडी लावली, आणि ती कडी तिला काढता येईना.

ती किती वेळ ओरडत होती ते नक्की कुणाला माहीत नाही. शेजारच्या काकूंना भिंतीतून रडणं ऐकू आलं. त्यांनी बेल वाजवली, दार बडवलं. उघडेना. त्यांनी ताईला फोन केला. ताई पिशव्या रस्त्यात टाकून धावत आली, किल्लीने दार उघडून आत शिरली. भावोजी सोफ्यावर होते, पाठ दाराकडे, चेहऱ्यावर समाधान. दार उघडल्याचा वारा लागला तेवढ्याने ते वळले आणि म्हणाले,

"ये, बस. किती स्पष्ट ऐकू येतंय बघ."

न्हाणीघराचं दार तिथून आठ पावलांवर होतं.

काकूंच्या नवऱ्याने कडी तोडली. चिमणी ओल्या फरशीवर बसली होती. आवाज बसलेला, दोन्ही हात बडवून बडवून लाल झालेले. ती आजीला बिलगली आणि घोगऱ्या आवाजात एकच म्हणत राहिली, "आबांना हाका मारल्या. खूप मारल्या."

भावोजी दारात उभे होते. तिचे ओठ हलताना त्यांना दिसत होते. "काय म्हणतेय ती?" त्यांनी विचारलं. कुणालाच ते मोठ्याने सांगवेना. शेवटी ताईने सांगितलं.

मी पोचलो तेव्हा ते फोनवर नादगुरूशी बोलत होते, स्पीकर चालू ठेवून. तो म्हणत होता, "हं, होतं असं. घर मोठं आहे, एक चकती पुरत नाही. दुसरी न्हाणीघरात लावून टाकू."

मला अक्षरशः शिसारी आली. लेकरू ओल्या फरशीवर रडून रडून थकलं होतं, आणि हा माणूस त्यात दुसरी चकती खपवत होता. भावोजींनी फोन बंद केला. मग मला म्हणाले, "उघड तो डबा. काय केलंय त्याने ते मला दाखव."

डबा उघडायची गरजच पडली नाही. मी काळी पट्टी ओढून काढली, रिमोटने मेनू लावला. मधल्या स्पीकरचा आकडा मी शून्यावर ठेवला होता, तो आता अधिक आठवर होता. सिनेमातलं बोलणं जवळजवळ सगळं त्या मधल्या स्पीकरमधून येतं. तो वाढवला की माणसं पुढे येतात, गाड्या-पाऊस मागे जातात. प्रत्येक रिसीव्हरमध्ये ही सोय असते, फुकट असते, आणि मी ती भावोजींना कधी दाखवली नव्हती.

ताई म्हणाली, "असं नको. नीट पडताळून बघू." तिने भावोजींना भिंतीकडे तोंड करून बसवलं. एकच संवाद आठ वेळा लावला. कधी चकती ठेवून, कधी काढून, कधी आकडा वर, कधी खाली. स्पष्ट आहे की नाही एवढंच त्यांनी सांगायचं, ताई ते कागदावर टिपायची. आठही वेळा त्यांचं उत्तर आकड्याप्रमाणे आलं. चकती तेवढा वेळ कधी डब्यावर होती, कधी माझ्या मांडीवर.

भावोजींनी वळून तो कागद वाचला. "म्हणजे कान तसेच आहेत," ते म्हणाले. "टीव्हीतलं बोलणं तेवढं मोठं केलं. चिमणीच्या हाकेला कुठलं आलंय बटण?"

रविवारी आम्ही तिघं पुन्हा त्या दुकानात गेलो. घरी त्याने दार लावून काम उरकलं होतं. इथे सगळ्यांदेखत आकडा कसा बदलतो, एवढंच शोधायचं होतं. ताई पहिल्या रांगेत जाऊन चक्क नादगुरूकडे पाठ करून उभी राहिली आणि मोबाइल समोर धरून स्वतःचा फोटो काढायला लागली. "हौस बघा बाईंची," कुणीतरी म्हणालं. नादगुरू प्रसन्न हसला, टिंग् केलं, मूठ रोखली.

रिमोटचा उजेड डोळ्यांना दिसत नाही, पण मोबाइलच्या पुढच्या कॅमेऱ्याला बहुधा दिसतो. ताईने हा प्रयोग वर्गात कितीदा तरी करून दाखवला होता. तिच्या पडद्यावर तिच्या खांद्यामागे नादकाट्याची ती लाकडी मूठ दिसत होती, आणि मुठीच्या बुडाशी जांभळट ठिणगी लुकलुकत होती. मुठीत रिमोट दडवलेला होता.

तिने मोबाइल शेजारच्या आजोबांपुढे धरला. त्यांनी त्यांच्या शेजाऱ्याला बोलावलं. मग ती पुढे गेली.

"तीस वर्षं नादकाटा वाजवलाय मी. त्याच्या मुठीतून उजेड येताना कधी पाहिला नाही. जरा बघू द्या."

"परस्पर्श चालत नाही," नादगुरूने हात मागे घेतला.

"बरं, हातात देऊ नका. मूठ भिंतीकडे करून वाजवा. चकती आहेच ना जागेवर?"

"नादाची थट्टा करू नका, बाई! श्रद्धा नसेल तर—"

"श्रद्धा कशाला? विज्ञान म्हणालात ना तुम्ही?" मागून कुणीतरी ओरडलं.

तेवढ्यात भावोजी रिसीव्हरपाशी पोचले होते. त्यांनी काचेवरची काळी पट्टी ओढून काढली. लोक पुढे सरकले. मी टेबलावरचा दुकानाचाच रिमोट उचलला आणि चकती जागेवर असताना मधला स्पीकर खाली आणला. काचेवर आकडे उतरले, पावसातली माणसं पुन्हा तोंडात बोळा कोंबल्यासारखी झाली. मग भावोजींनी चकती उचलून खुर्चीवर ठेवली, मी आकडा वर नेला. भांडण लख्ख.



"माझ्या बायकोची यंत्रं दोन महिने कपाटात आहेत," एक गृहस्थ हळू आवाजात म्हणाले. "मीच काढायला लावली."

नादगुरू मागच्या जिन्याने गेला. नादकाटा घेऊन गेला, चकत्यांची पेटी तिथेच राहिली. दुकानदार हात जोडून सांगत होता, "मला यातलं काही माहीत नव्हतं हो." रिसीव्हर त्याचा, काळी पट्टी लावायला त्यानेच दिली, आणि दर रविवारी खुर्च्याही त्यानेच मांडल्या. मला त्याच्याकडे बघवेना. एक बाई मला बाजूला घेऊन विचारत होत्या, "पण ठेवली चकती तशीच, तर काही अपाय नाही ना?"

दुसऱ्याच दिवशी भावोजी कानाच्या डॉक्टरांकडे गेले. आता सकाळी दात घासले की यंत्रं घालतात. सुरुवातीचे दिवस भांडी, चपला, कागद यांच्या आवाजाने डोकं उठायचं, ते त्यांनी सोसलं. टीव्हीचा मधला स्पीकर अधिक चारवर आहे. तो कसा बदलायचा ते मी त्यांच्याकडून दहा वेळा करून घेतलं. चिमणी अजून न्हाणीघराचं दार पूर्ण लावत नाही. तिचं काय करायचं ते कुठल्याच मेनूत नाही.

वाचणाऱ्यांना माझं सांगणं सरळ आहे. वस्तू घ्याल तिचं माहितीपुस्तक वाचा, तिची बटणं स्वतः दाबून बघा. कुणी काही करून दाखवलं, की आपण पाठ फिरवून बसा आणि त्याची वस्तू कधी ठेवून, कधी काढून ते पुन्हा करायला सांगा, आणि जो नकार देईल त्याच्याकडून काही घेऊ नका. माझ्यासारखा जाणकार "बरोबरच आहे" म्हणून फोन ठेवत असेल, तर त्यालाही घरी बोलावून समोर बसवा. आणि कमी ऐकू येत असेल तर डॉक्टरांकडे जा, चारचौघांत सांगा, त्यात कमीपणा काही नाही. ती लाज तुम्ही जितकी लपवाल, तितके हे लोक तुमच्या घरात शिरतील.